चंद्रावरचा कॅमेरा, राजाजीनगर

सगळा घोळ एका ‘हं’मुळे झाला, असं जे. विठोजीराव आजही मानतात. त्यांच्या पत्नीचं, शुभदाबाईंचं, म्हणणं वेगळं आहे. पण लग्न झाल्यापासून त्यांचं म्हणणं वेगळंच असतं, त्यामुळे विठोजीराव ते फारसं मनावर घेत नाहीत.

‘जे.’ म्हणजे जगताप. हे घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळुरात आलं आणि परतायचं राहून गेलं. मग इथल्या रिवाजाप्रमाणे आडनाव आक्रसून एका अक्षराचं झालं आणि नावाच्या पुढे येऊन बसलं. घरात मराठी बोलायची, पेपर कन्नड वाचायचा आणि हिशेब तोंडातल्या तोंडात ज्या भाषेत जमेल त्या भाषेत करायचा, अशी घराची रीत. विठोजीराव एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांना जगात दोनच शौक होते, एक फोटो काढण्याचा आणि दुसरा चारचौघांत मान राखून असण्याचा. पहिला शौक दुसऱ्याच्या मुळावर येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरात फोटोंचे अल्बम भरपूर. पण त्यांच्या आईचा, सोयराबाईंचा, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अव्वाचा, त्यांत एकही फोटो नव्हता. नव्हता म्हणजे अव्वा होत्या, पण तुकड्यातुकड्यांनी. एका फोटोत अंबाडा, एकात खांबामागून आलेला कोपर, एकात पदराचं टोक. खुद्द विठोजीरावांच्या लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या मागे एक उघडा तळहात दिसतो, तो अव्वांचा. कारण असं, की विठोजीरावांचे वडील तरुण असताना एका फोटोवाल्याने काळं फडकं डोक्यावर घेऊन त्यांचा एकट्याचा फोटो काढला, आणि पुढच्याच महिन्यात ते तापाने गेले. तेव्हापासून कॅमेरा दिसला की अव्वा भिंतीकडे तोंड करायच्या. कुणी काही समजावायला गेलं तर म्हणायच्या, “तुम्ही काढा, मी कुठे नको म्हणते? मी फक्त इकडे बघते.”

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, कोजागिरीला अव्वांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हजार पौर्णिमा पाहिलेल्या आईचा एकही फोटो आपल्याजवळ नाही, ही गोष्ट विठोजीरावांना त्या दिवसांत फार लागायला लागली. ऑफिसात फाइल बघताबघता त्यांचा हात थांबायचा. उद्या आई गेली तर भिंतीवर हार कशाला घालायचा, तळहाताला? 

तशात जुलै महिना आला. माणूस चंद्रावर उतरल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून पेपरांत पानंच्या पानं छापून आली. आणि एका रविवारी शुभदाबाईंचा भाऊ रघुपती याचा अमेरिकेहून फोन आला. रघुपतीने एका जुन्या सामानाच्या दुकानात एक स्वीडनचा हॅसलब्लाड कॅमेरा पाहिला होता. अंतराळवीरांनी पहिल्यापहिल्यांदा वर नेला तो याच कंपनीचा, याच घराण्यातला. त्यांच्यापैकी एकाने तर म्हणे साध्या दुकानातूनच तो विकत घेतला होता. “भावजी, अव्वांच्या समारंभाला माझ्याकडून भेट समजा,” असं रघुपती म्हणाला आणि फोन महाग पडतो म्हणून ठेवून दिला.

फोन विठोजीरावांच्या घरी होता, पण त्याचा आवाज शेजारी देवाप्पांकडे नीट ऐकू जायचा. देवाप्पा मूळचे निपाणीकडचे, पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वेळ होता आणि सल्ले होते. त्यांनी कुंपणावर कोपर टेकवून विचारलं,

“काय ओ विठोजीराव, चंद्रावरचा कॅमेरा येतोय म्हणे तुमच्याकडं?”

आता खरं उत्तर असं होतं, की नाही, त्याच घराण्यातला आहे, पण तो नव्हे. हे सांगायला तोंड दोनदा उघडावं लागलं असतं. विठोजीराव नुकतेच दाढी करून बाहेर आले होते, सकाळ प्रसन्न होती, आणि देवाप्पांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो आदर होता. विठोजीराव म्हणाले, “हं.”

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी अव्वांना कळलं. अव्वा ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी देवाप्पांकडून सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पावटे सोलत राहिल्या. मग विठोजीरावांना हाक मारली.

“विठू, तो डबा चंद्राला इतक्या जवळून बघून आला?”

विठोजीरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं.

“आणि चंद्राला काही झालं नाही,” अव्वा म्हणाल्या. “परवा पौर्णिमेला बघितला की मी. होता तसाच आहे. मग तो डबा गुणाचा आहे. त्याने काढ माझा फोटो. एकच काढायचा.”

विठोजीरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. जन्मात पहिल्यांदा आई फोटोला हो म्हणाली होती. अशा वेळी घराणं आणि जात यांचा बारीक फरक सांगत बसणारा मुलगा कुठे असेल तर असो. विठोजीराव तसे नव्हते.

कॅमेरा महिन्याभराने आला, पण घरी आला नाही. एका सरकारी कचेरीत आला. कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण पंखे सगळीकडे सारखेच फिरतात. रघुपती विनोदी स्वभावाचा. त्याने पार्सलवर इंग्रजीत ‘मून कॅमेरा, वापरलेला’ असं लिहून ठेवलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने चष्मा वर सारून विचारलं,

“हे कुठून आलं?”

“अमेरिकेतून.”

“बनवलं कुठे?”

“स्वीडनमध्ये.”

“आणि वापरलं कुठे?”

विठोजीराव पार्सलवरच्या अक्षरांकडे बघायला लागले. अधिकारी समजूतदार होता. तो म्हणाला, “बघा सार, वापरलेल्या मालाला वेगळा नियम आहे, शास्त्रीय महत्त्वाच्या मालाला वेगळा आहे. चंद्रावरून आलेल्या मालाला नियमच नाही. तुम्ही अवकाशवाल्यांकडून काही हरकत नाही असं आणा. मी आत्ता सही करतो.”

विठोजीरावांनी कळकळीने सांगितलं, की हा कॅमेरा चंद्रावर गेलेला नाही. जमिनीपासून फार तर एखाद्या टेबलाच्या उंचीपर्यंत गेला असेल. घरी ज्या वाक्याला त्यांची जीभ रेटत नव्हती, ते वाक्य त्या कचेरीत त्यांनी चार टेबलांपुढे उभं राहून ऐकवलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. ‘गेला नसता तर कुणी कशाला लिहिलं असतं’ असं एका कारकुनाने विचारलं, आणि स्वतः कारकून असल्यामुळे विठोजीरावांना तो मुद्दा खोडता येईना.

मग ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून अवकाशवाल्यांच्या एका मोठ्या संस्थेच्या फाटकावर गेले. पहारेकऱ्याने विचारलं, काय काम आहे. विठोजीराव म्हणाले, “कॅमेऱ्याचं.” पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवून सांगितलं, की आत कॅमेरा न्यायला बंदी आहे. विठोजीराव म्हणाले, की माझ्याजवळ कॅमेरा नाही, तीच तर माझी तक्रार आहे. पहारेकरी म्हणाला, “कॅमेरा नाही तर मग सरी, बरंच झालं की. जा घरी.” यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

शेवटी कॅमेरा सुटला तो निराळ्याच कारणाने. त्या समजूतदार अधिकाऱ्याची बदली मंगळूरला झाली. त्याच्या जागी आलेल्याला चंद्राचं काही कौतुक नव्हतं. त्याने ‘वापरलेला कॅमेरा’ एवढंच लिहून शिक्का मारला. कॅमेरा रिक्षातून राजाजीनगरला आला, तेव्हा देवाप्पांनी फाटकात उभं राहून रिक्षावाल्याला सांगितलं, “स्वल्प हळू घ्या ओ. चंद्रावरनं आलाय.” रिक्षावाल्याने मीटरवर जादा मागितले.

डबा चौकोनी, जड आणि देखणा होता. पण त्यात एक खोड होती. डोळ्याला लावून बघायची सोय नव्हती. छातीशी धरून वरून काचेत डोकवायचं, आणि त्या काचेत डावं ते उजवं आणि उजवं ते डावं दिसायचं. विठोजीरावांनी सरावासाठी शुभदाबाईंना अंगणात उभं केलं. शुभदाबाई डावीकडे सरकल्या की काचेत उजवीकडे जायच्या. त्यांना धरायला विठोजीराव डबा उजवीकडे वळवायचे, तो त्या काचेतून पार निघून जायच्या. असं करताकरता शुभदाबाई मागे सरकत पाण्याच्या टाकीच्या उघड्या झाकणापाशी गेल्या, आणि एक पाय आत गेल्यावर त्यांनी सरावाला कायमचा नकार दिला.

“अहो, लोक चंद्रावर गेले या डब्यासकट,” त्या पाय पुसत म्हणाल्या, “आणि तुम्हाला मी अंगणात सापडत नाही.”

यावर उपाय देवाप्पांनी काढला. त्यांनी पेपरात वाचलं होतं, की चंद्रावर गेलेल्या लोकांना टोपामुळे खाली वाकून बघता येत नव्हतं, म्हणून कॅमेरा छातीवरच बसवलेला असे. जिकडे छाती तिकडे फोटो. डोकवायचं कामच नाही. विठोजीरावांना हे पटलं. स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडून त्यांनी रेक्झिनचा पट्टा शिवून घेतला. तो गळ्यातून काखेखालून बांधला की विठोजीराव भर रस्त्यात ढोल वाजवायला निघाल्यासारखे दिसायचे, पण कॅमेरा मात्र हलायचा नाही. फिल्म मात्र रघुपतीने पाठवलेली एकच होती. त्या मापाची इथे मिळायला वेळ लागणार होता. म्हणून सराव सगळा फिल्मशिवाय, नुसत्या खटक्यावर.

इथे गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण देवाप्पांनी पेपरातले चंद्राचे फोटो कापून जपून ठेवले होते. एका संध्याकाळी ते घेऊन आले.

“विठोजीराव, ह्यात बघा की. प्रत्येक फोटोत बारीक बारीक अधिकाची खूण आहे. आत काच बसवलेली असते म्हणे, तिच्यावर ह्या खुणा. मापं घ्यायला. तुमच्या फोटोतबी येतील न्हवं?”

अव्वा ऐकत होत्या. विठोजीराव म्हणाले, “हं.”

खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण खोट्याची निगा राखणं हे हेडक्लार्कच्या स्वभावात असतंच. पुढच्याच शनिवारी ते पातळ काचेचा एक चौकोनी तुकडा कापून घेऊन चिकपेटेच्या बाजारात गेले. काचेवर खुणा कोरणार कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या हुशारीने सोडवला होता. भांड्यांच्या दुकानाबाहेर एक म्हातारा स्टूल टाकून बसायचा. त्याच्या हातात एक थरथरणारं यंत्र असायचं आणि त्याने तो लोकांच्या ताटवाट्यांवर, तांब्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घालून द्यायचा. लग्नकार्यात दहा घरची भांडी एकत्र होतात. ज्याच्यावर नाव असतं ते घरी परत येतं, नसतं ते ज्याचं नशीब त्याच्या घरी जातं. अव्वांच्या स्वयंपाकघरातली चमचा-पळीसुद्धा त्याच्याच हाताखालून गेली होती.

म्हाताऱ्याने काच उजेडात धरली. “हेसरु?” त्याने विचारलं. नाव काय घालायचं?

“नाव नाही. चार कोपऱ्यांत चार अधिकाच्या खुणा, आणि मध्ये एक.”

म्हाताऱ्याने काच खाली ठेवून विठोजीरावांकडे पाहिलं. नाव घालायला येऊन नाव नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्या उभ्या आयुष्यात आलं नसावं. दागिन्यांच्या दुकानात जाऊन दागिने नकोत, नुसती पिशवी द्या म्हणण्यासारखंच ते.

“पण वस्तू कुणाची?”

“माझीच. जे. विठोजीराव, राजाजीनगर,” विठोजीराव जरा ताठ होत म्हणाले, आणि तो काम करीपर्यंत समोर कॉफी प्यायला गेले. परत आले तेव्हा काच वर्तमानपत्रात गुंडाळून तयार होती. घरी येऊन त्यांनी ती पाठीमागच्या डब्यात, फिल्मच्या अगदी समोर, काळजीपूर्वक चिकटवली. कडेला काहीतरी काचेचा चुरा लागल्यासारखं दिसत होतं. त्यांनी फुंकर मारली. गेला नाही. चष्मा पलीकडच्या खोलीत होता. त्यांनी झाकण लावलं.

मग आयुधपूजा आली. बंगळुरात त्या दिवशी सुरी, कात्री, स्कूटर, टाइपरायटर, सगळ्यांना गंधफूल मिळतं, आणि चंद्रावर जाऊन आलेल्याला मिळणार नाही असं होणं शक्य नव्हतं. अव्वांनी कॅमेऱ्याला शेवंतीचा हार घातला, भिंगाच्या झाकणावर विभूती ओढली आणि पुढ्यात नारळ ठेवला. देवाप्पांचा सल्ला असा होता, की वाहनापुढे फोडतात तसा कोहळा याच्यापुढेही फोडावा, कारण हा इतका लांबचा प्रवास केलेला. कोहळा फुटला. कुंकू लावलेली एक फोड विठोजीरावांच्या नव्या धोतरावर आली. ती झटकून ते हात जोडून उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे आदराने बघत होते, आणि आदर हा असा प्रकार आहे की एकदा सुरू झाला की त्याला मध्येच थांबवणं फार अवघड.

कोजागिरीला दुपारपासून आभाळ भरून आलं. गच्चीवर मांडव घातला होता, मोठे दिवे लावले होते, मंडळी जमली होती, भटजींचं सगळं यथासांग झालं. आता चंद्र दिसला की अव्वांना ओवाळायचं आणि फोटो काढायचा. अव्वा हिरव्या नऊवारीत पाटावर बसल्या होत्या, पूर्वेकडे तोंड करून. समोर विठोजीराव छातीवर कॅमेरा बांधून उभे होते. पाहुण्यांतल्या लहान मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देत नव्हते.

चंद्र काही येईना. तेवढ्या वेळात चार शब्द बोलावेत असं देवाप्पांना वाटलं. त्यांनी या भाषणाची तयारी केली होती. मुद्दाम तारांगणात जाऊन माहिती काढून आले होते, आणि ती माहिती आजवर त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण भाषणात सांगायची होती.

“मंडळी,” देवाप्पा म्हणाले, “आज आपल्या अव्वांनी हजार चंद्र बघितले. आणि ज्या कॅमेऱ्यानं चंद्र बघितला, तो आज अव्वांना बघणार. हा योग कुणाच्या घरी आहे? अमेरिकेतबी नाही. त्या लोकांनी काय केलं ठाऊक आहे? परत येताना दगड आणायचे होते. वजन फार झालं. म्हणून नुसती फिल्म काढून घेतली, आणि कॅमेरे सगळे तिथंच चंद्रावर ठेवून…”

इथे देवाप्पा थांबले. त्यांनी विठोजीरावांच्या छातीकडे पाहिलं. ते दुष्ट नव्हते. वाक्य आता कुठेतरी वळवावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण वाक्य वळवायला जागा नव्हती. सगळी गच्ची विठोजीरावांच्या छातीकडे बघायला लागली. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी हळूच विचारलं, मग हा कसा आला? कुणी हसलं नाही. हसले असते तर विठोजीरावांना बरं वाटलं असतं.

“विठू,” अव्वा म्हणाल्या, “हा गेलाच नव्हता?”

‘हं’ आता कामाचा नव्हता. “नाही अव्वा,” ते म्हणाले. “हा त्यांच्यातला आहे, पण हा नाही गेला. मी आधीच सांगणार होतो. तू हो म्हणालीस, म्हणून नाही सांगितलं.”

अव्वांचा हात पदराकडे गेला. शुभदाबाईंनी डोळे मिटून घेतले. आता अव्वा पाटावरच भिंतीकडे फिरणार, आणि हा फोटो या जन्मात व्हायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळलं. विठोजीराव छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल सोडायला लागले. ते सुटेना.

“ते जे पहिले उतरले,” अव्वा पदर हातात धरूनच म्हणाल्या, “ते आले का परत?”

“आले. सगळे आले.”

“त्यांचे फोटो कोण काढत होतं? तिथे तर कुणी नव्हतं.”

“एकमेकांचे काढले. पण कॅमेरा जास्त करून पहिल्याच्याच हातात होता. म्हणून जो पहिला उतरला, त्याचाच धड फोटो नाही. काढणारा कसा येणार फोटोत?”

अव्वांनी पदर सोडला. “म्हणजे तुझ्यासारखंच,” त्या म्हणाल्या. “घरात एवढी बुकं आहेत फोटोंची. मी त्यांत पाठीमोरी, आणि तू तर लग्नाचा सोडून कशात नाहीसच. तुझ्या वडलांनी एकट्याचा काढून घेतला, तेच वाईट झालं. मी एकटी बसणार नाही. तू इथे येऊन बस. मग कुठल्या का डब्याने काढेना.”

“पण अव्वा, मग काढणार कोण? हा कुणालाच येत नाही.”

“छातीवर बांधायचा आणि खटका दाबायचा ना? बघायचं तर काही नाही म्हणालास. देवाप्पाच्या छातीवर बांध.”

पट्टा विठोजीरावांच्या अंगाच्या मापाचा होता. देवाप्पांच्या अंगावर तो बसवायला दोघेजण लागले. विठोजीराव पाटाच्या बाजूला सतरंजीवर बसले. लहानपणानंतर आईच्या इतक्या जवळ ते बसले नव्हते. नऊवारीला कापराचा वास येत होता. अव्वांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. त्याची पकड घट्ट होत गेली, आणि आईला आत्तासुद्धा भीती वाटते आहे, आपल्यासाठी ती बसली आहे, हे विठोजीरावांना तेव्हा कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

“काढू?” देवाप्पांनी विचारलं.

“थांबा, चंद्र,” शुभदाबाई म्हणाल्या.

ढग सरकला आणि देवाप्पांच्या टकलाच्या बरोबर वर चंद्र आला. अव्वांनी मान वर केली, विठोजीरावांनीही केली, सगळ्या गच्चीने केली. देवाप्पांनी मागे वळून बघायचं म्हणून अर्धवट अंग फिरवलं, आणि त्या गडबडीत त्यांचं बोट खटक्यावर पडलं. त्यानंतर उत्साहाच्या भरात त्यांनी उरलेली फिल्म संपवून टाकली.

फोटो धुऊन यायला आठवडा लागला. देवाप्पांनी काढलेल्यांत स्वतःच्या चपला होत्या, मांडवाचा बांबू होता, आभाळाचे तीन होते आणि एक कशाचा आहे ते कुणालाच सांगता आलं नाही. पण पहिला फोटो आला होता. स्वल्प तिरका, स्वल्प धूसर, पण अव्वा त्यात अख्ख्या होत्या. तोंड किंचित उघडं, डोळे वर लागलेले. शेजारी विठोजीरावांचंही तसंच. दोघांना एकत्र बघितल्यावर नाक एकाच साच्यातलं आहे हे शुभदाबाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं. चार कोपऱ्यांत चार खुणा होत्या आणि एक मध्ये, नेमकी दोघांच्या खांद्यांच्या मधोमध.

आणि वर, आभाळात, ठिपक्याठिपक्यांची एक ओळ होती. कन्नड अक्षरांत, उलटी.

विठोजीरावांनी चष्मा लावला आणि फोटो फिरवला. ‘जे. विठोजीराव, राजाजीनगर’. चिकपेटेतल्या म्हाताऱ्याला बिननावाची वस्तू गिऱ्हाइकाला परत देववली नव्हती.  जन्मातला एकुलता एक फोटो, आणि त्यावर भातवाढणीसारखं नाव. हा भिंतीवर लावायचा कसा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं काय, हे विठोजीरावांना कळेना. स्टुडिओवाल्याला सांगून वरची पट्टी कापून टाकायची असं त्यांनी ठरवलं. पण कापायला गेलं तर अव्वांचा अंबाडा जात होता.

अव्वांनी फोटो हातात घेतला. आधी सुलटा धरून स्वतःला पाहिलं, बराच वेळ, एखाद्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं तसं. मग तो उलटा धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचला. वाचताना फोटोतल्या त्या आणि विठोजीराव दोघे खाली डोकं वर पाय झाले होते.

“बरं झालं नाव घातलंस,” त्या म्हणाल्या. “कुठे हरवायचा नाही आता. मी गेल्यावरसुद्धा.”



अव्वांनी फोटो पदराने पुसला आणि भिंतीवरच्या खिळ्यांकडे बघत, कोणता बरा हे ठरवत, म्हणाल्या, “त्या लोकांनी आपल्या कॅमेऱ्यांवर नावं घातली नसणार. म्हणून तिथेच राहिले.”

कारण वजनाचं होतं. दगड आणायचे होते, इंधनाचा हिशेब होता, हे सगळं विठोजीरावांना ठाऊक होतं आणि नीट समजावून सांगताही आलं असतं. ते हातोडी आणायला उठले आणि म्हणाले, “हं.”